विजयदुर्गच्या वाटेवरचे कीटक

सिंधुदुर्गात कीटक बघायचे म्हटलं की सगळे आंबोलीचं नाव घेतात. ते चुकीचं नाही. घाटमाथ्यावरचा पाऊस, दाट झाडी आणि पावसाळ्यातली फुलपाखरं यांमुळे आंबोलीने हा मान मिळवलेला आहे. विजयदुर्गला मात्र माणसं किल्ला बघायला येतात. तटबंदीवर चढतात, वाघोटण खाडीकडे नजर टाकतात, मासे खातात आणि परततात. जे इथेच राहतात किंवा शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला मुंबईहून गावी येतात, त्यांनाही आपल्या वाटेवरचे किडे हा बघण्याचा विषय वाटत नाही. माझं म्हणणं असं आहे की विजयदुर्गच्या माणसाला कीटक बघायला विजयदुर्गइतकी चांगली जागा दुसरी नाही. धक्क्यापासून गावातून वर सड्यावर, तिथून कलमबागांच्या गडग्यांच्या कडेने गिर्येच्या रामेश्वर देवळापर्यंत जाणारी वाट त्यासाठी पुरते. अट एकच, तीच वाट पुन्हा पुन्हा चालायची. वाघ बघायला लांब जावं लागतं, कारण तो ठरावीक जागीच असतो. कीटकांचं सगळं गणित जागेइतकंच वेळेवर चालतं. एखादा किडा वर्षातले पंधरा दिवसच पंखात दिसतो आणि उरलेलं वर्ष अंड्यात, अळीत किंवा मातीखाली काढतो. आंबोलीला वर्षातून एकदा गेलेल्या माणसाला त्या दोन दिवसांत जे असेल ते दिसतं. रोज तीच पाणंद चालणाऱ्याला काय कधी आलं, किती दिवस राहिलं आणि यंदा आलं की नाही हे कळतं. कीटकांबद्दलचं खरं ज्ञान बहुतेक याच प्रकारचं असतं.

यावर पहिला आक्षेप सडा बघूनच सुचतो. मे महिन्यात या कातळावर उभं राहिलं तर पायाखाली तापलेला जांभा, करपलेलं गवत आणि दूरवर कलमांची हिरवी रेघ एवढंच दिसतं. सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराबा म्हणतात. इथे कोण जगणार? पण जूनमध्ये पाऊस लागला की महिन्याभरात तोच कातळ दुसरा होतो. खोलगट भागात पाणी साठतं, बोटभर मातीत गेंद, तेरडा आणि सीतेची आसवं उगवतात, आणि ओलसर जागी दवबिंदू नावाची लालसर, चिकट केसांची बारीक वनस्पती दिसते. कातळावरच्या मातीत नत्र फार कमी असतं. दवबिंदू ती तूट आपल्या पानांवर चिकटलेल्या किड्यांमधून भरून काढते. सीतेची आसवं पाण्याखालच्या बारीक फुग्यांनी त्याहून लहान जीव पकडतात. कातळावर किड्यांची कायमची टंचाई असती तर असा उदरनिर्वाह करणाऱ्या वनस्पती इथे टिकल्याच नसत्या. माती जितकी नापीक, तितकं किड्यांवर अवलंबून राहणं जास्त. कातळ ओसाड आहे या म्हणण्याला सड्यावरची ही फुलंच उत्तर देतात.

सड्यावरच्या डबक्याशी थोडा वेळ बसलं तर पिवळट तांबूस रंगाचा, रुंद पंखांचा एक चतुर पाण्यावर घिरट्या घालताना दिसतो. मादी शेपटीचं टोक पाण्याला टेकवते, उचलते, पुन्हा टेकवते. प्रत्येक वेळी अंडी पाण्यात पडतात. हा पँटाला फ्लावेसेन्स. जगातल्या सर्वांत दूरवर पसरलेल्या चतुरांपैकी एक. कायमच्या तळ्यात मासे असतात आणि ते चतुराची पिल्लं खातात. म्हणून हा चतुर पावसाच्या तात्पुरत्या डबक्यावर पैज लावतो. पाणी आटण्याआधी पिल्लाला मोठं व्हायलाच हवं, आणि ते होतंही. सहा-सात आठवड्यांत त्याची वाढ पुरी होऊ शकते. चतुराचं पिल्लू बघणं ही वेगळीच गोष्ट आहे. मातकट रंगाचं, सहा पायांचं, बिनपंखांचं हे पिल्लू डबक्याच्या तळाशी चिखलात दबा धरून असतं. त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो ओठ झटक्यात पुढे सुटतो आणि टोकावरच्या आकड्यांनी भक्ष्य ओढून आणतो. धोका जाणवला की पिल्लू पोटातलं पाणी मागून जोरात सोडतं आणि त्या धक्क्याने पुढे पळतं. हे बघायला पांढरी बशी आणि चहाची गाळणी एवढं साहित्य पुरतं. बघून झालं की पाणी आणि पिल्लू त्याच डबक्यात परत सोडायचं.

पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, या चतुरांचे थवेच्या थवे मोकळ्या सड्यावर हवेत तरंगताना दिसतात. ते पुढे कुठे जातात याचा उलगडा ज्याने केला तो चतुरांचा तज्ज्ञ नव्हता. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या लक्षात आलं की दर ऑक्टोबरात त्या बेटांवर चतुरांची झुंबड उडते. प्रवाळाच्या त्या बेटांवर गोडं पाणी जवळपास साठतच नाही, म्हणजे हे चतुर तिथे जन्मलेले असणं शक्य नाही. कुठल्या बेटावर ते कोणत्या तारखेला पोचतात याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या, वाऱ्याच्या दिशा ताडून पाहिल्या आणि २००९ मध्ये मांडलं की हे चतुर भारतातून निघून हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेत पोचतात. येण्याजाण्याचं अंतर चौदा ते अठरा हजार किलोमीटर, आणि तेही एका पिढीत पुरं न होता पिढ्यांनी वाटून घेतलेलं. पुढे २०१२ मध्ये पंखांमधल्या समस्थानिकांच्या अभ्यासातून दिसलं की मालदीवला पोचणारे चतुर उत्तर भारतीय उपखंडातल्या पाण्यात वाढलेले असतात. तेव्हा विजयदुर्गच्या सड्यावर ऑक्टोबरात दिसणारा प्रत्येक चतुर आफ्रिकेला निघालेला आहे असं म्हणता येणार नाही. पण इथे थवा कोणत्या तारखेला दिसला, वारा कुठून होता आणि थवा कुठल्या दिशेला सरकत होता, या तीन गोष्टी वर्षानुवर्षं टिपलेल्या वहीचं मोल काय असेल हे अँडरसन यांच्या कामावरून कळतं. त्यांच्या शोधाच्या मुळाशी तारखाच होत्या.

नवीन ते सगळं शोधून झालंय, आता आपण काय बघणार, असंही म्हटलं जातं. सिंधुदुर्गापुरतं तरी हे खरं नाही. शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी २०१९ मध्ये याच जिल्ह्यातून सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स नावाची टाचणी, म्हणजे चतुराची सडपातळ भाऊबंद, विज्ञानाला नवीन म्हणून नोंदवली. २०२० मध्ये याच दोघांनी महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरून ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस हा चतुर नोंदवला. २०२२ मध्ये चौकुळ गावाच्या नावाने ओळखला जाणारा बर्माघोम्फस चौकुळेन्सिस आला. यातला दुसरा मला सर्वांत बोलका वाटतो. या गटातले चतुर खडकावर, विहिरीच्या कठड्यावर आणि भिंतीवर अंग सपाट चिकटवून बसतात. त्यांच्या अंगावर राखाडी-काळे-तपकिरी ठिपके असतात, त्यामुळे ते उडेपर्यंत दिसतच नाहीत. एकदा उडाला आणि पुन्हा बसला की बसलेली जागा माहीत असूनही शोधावं लागतं. किनाऱ्यावर माणसांची दाट वस्ती आहे, जांभ्याचे गडगे जागोजागी आहेत, आणि तरीही या चतुराला नाव मिळायला २०२० साल उजाडावं लागलं. तो काही दुर्गम जंगलात दडलेला नव्हता. कोणी थांबून त्याच्याकडे बघितलं नव्हतं, एवढंच.

देवगड तालुक्यातल्या बागायतदाराचा आक्षेप याहून जड आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. त्याच्यासाठी किडा म्हणजे नुकसान. मोहोरावर तुडतुडे आणि फुलकिडे, फळात फळमाशी, कोयीत भुंगा, काजूवर ढेकण्या, माडावर गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात बंद केली, कारण तिथे पोचलेल्या मालात फळमाशी सापडली होती. ती बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. सेंटिमीटरभरही नसलेल्या माशीने एका हंगामाचा एक मोठा बाजार बंद केला. अशा माणसाला कीटक किती सुंदर असतात हे सांगणं निरर्थक आहे. पण त्याच्याच हिशेबाने पाहिलं तर किडे ओळखण्याची गरज सर्वांत जास्त त्यालाच आहे. आंब्याच्या एका मोहोरात हजारो बारीक फुलं असतात, त्यातली बहुतेक नुसती नर असतात, आणि शेवटी अगदी थोड्या फुलांचं फळ होतं. ती थोडी फळं धरतात ती प्रामुख्याने माश्यांमुळे, त्यांच्या जोडीला मधमाश्यांमुळे. निळ्या-हिरव्या चकाकत्या माश्या आणि पट्टेरी, हवेत एका जागी स्थिर राहणाऱ्या माश्या परागकण वाहतात. मोहोराकडे माश्या याव्यात म्हणून काही देशांतले बागायतदार बागेत कुजलेलं मांस टांगून ठेवतात.

आता या पट्टेरी, स्थिर तरंगणाऱ्या माशीशेजारी फळमाशी ठेवून बघावी. दोघी पिवळ्या-काळ्या, दोघी गांधीलमाशीसारख्या वाटणाऱ्या, दोघी साधारण घरमाशीएवढ्या. पहिली मोहोरावर येते, आणि तिच्या अनेक जातींच्या अळ्या मावा खातात. दुसरी फळावर येते. तिच्या पंखांची पुढची कड काळसर असते, मादीच्या पोटाला सुईसारखं टोक असतं, ते ती सालीत खुपसते आणि आत अंडी घालते. पहिलीला मारणं म्हणजे आपलंच फळ कमी करणं. दुसरीला सोडणं म्हणजे पेटीतला आंबा सडू देणं. दोघींना एकाच फवाऱ्याने उडवणारा माणूस दोन्हीकडून गमावतो. कोकण कृषी विद्यापीठाचं आंबा संशोधन उपकेंद्र याच वाटेवर, गिर्येला रामेश्वर इथे आहे. विद्यापीठाने तयार केलेला रक्षक सापळा ओळखीच्याच तत्त्वावर चालतो. त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाला फळमाशीचे नर येतात, मधमाश्यांना त्याचं आकर्षण नसतं. हेच द्रव्य तुळशीतही असतं. म्हणून अंगणातल्या तुळशीच्या चुरगळलेल्या पानाशी घुटमळणारी पिवळ्या खुणांची माशी जवळून बघण्यासारखी असते. बागेत फळमाशी वावरते आहे का, याचा एक सुगावा घराच्या दारातच मिळतो.

चांगला किडा आणि वाईट किडा अशी सरळ वाटणी मात्र होत नाही, आणि हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते कलमावरच्या हुमल्यांमध्ये. काही जण त्यांना ओंबील म्हणतात. ही तांबडी, लांब पायांची मुंगी पानं शिवून झाडावर घर बांधते. घर बांधताना बघायला मिळालं तर अर्धा तास तिथून हलू नये. दोन पानांत अंतर जास्त असेल तर मुंग्या एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करतात आणि पान ओढून आणतात. पानांच्या कडा जुळल्या की दुसऱ्या मुंग्या जबड्यात आपल्याच वसाहतीतल्या अळ्या धरून येतात. अळीला एका कडेला टेकवतात, मिशांनी हलकेच थापटतात, मग दुसऱ्या कडेला नेतात. अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पानं शिवली जातात. इतर अनेक मुंग्यांच्या अळ्या हे रेशीम स्वतःभोवती कोष विणायला वापरतात. हुमल्याची अळी ते सगळं घरासाठी देते आणि स्वतः कोषाशिवाय राहते. आंबे उतरवणाऱ्या माणसाला मात्र या घराची वेगळी ओळख असते, कारण हुमला कडकडून चावतो आणि चावलेल्या जागी आम्ल सोडतो. पण चीनमध्ये सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संत्र्या-लिंबांच्या बागांसाठी या मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात होती असा लेखी उल्लेख आहे. ऑस्ट्रेलियात आंबा-काजूच्या बागांत त्यांचा मुद्दाम वापर करून पाहिला गेला आहे. काजूवरच्या ढेकण्याला त्या आळा घालतात. दुसऱ्या बाजूला याच मुंग्या पिठ्या ढेकूण आणि खवले किडीला राखतात, कारण त्यांच्या अंगातून निघणारा गोड रस त्यांना हवा असतो. मग आपल्या कलमावर हुमले ठेवायचे की काढायचे? याचं उत्तर सगळ्या बागांना एकच असणार नाही. त्या झाडावर ढेकण्या जास्त आहे की पिठ्या, हे ज्याने हंगामभर बघितलंय तोच ते देऊ शकतो.

‘आम्हाला नावं कुठे येतात?’ हा प्रश्न सर्वांत जास्त जणांना अडवतो. जगात सुमारे दहा लाख जातींच्या कीटकांना नावं दिलेली आहेत. ती सगळी कुणालाच येत नाहीत, मोठ्या तज्ज्ञालाही नाही. सुरुवात पाय मोजण्यापासून करता येते. कीटकाला सहा पाय असतात. पहिल्या पावसात मखमली लाल रंगाने लक्ष वेधणारा मिरगाचा किडा उलटसुलट बघून पाय मोजले तर ते आठ भरतात, म्हणजे तो कोळ्याच्या जवळचा. हुमल्यांच्या रांगेच्या आसपास कधी एखादा हुमला पुढचे पाय मिशांसारखे उचलून चालताना दिसतो. मोजल्यावर पायांचं गणित बिघडतं, कारण तो मुंगीचं सोंग घेतलेला उड्या मारणारा कोळी असतो. त्यानंतरची पायरी म्हणजे किडा कोणत्या झाडावर आहे ते लिहिणं. फुलपाखराचा सुरवंट वाट्टेल ते पान खात नाही. दारच्या लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी अनेक जण चिरडतात. ती लिंबावरच्या साध्या फुलपाखराची असू शकते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या, काळ्या-निळ्या मोठ्या पंखांच्या नीलवंताची, म्हणजे राणी पाकोळीचीही असू शकते, कारण त्याच्याही अळ्या लिंबाच्या कुळातली झाडं खातात. देशात पहिल्यांदा राज्य फुलपाखरू ठरवणारं राज्य आपलं, आणि त्याचं पोर आपण परसात पायाखाली घेतो, हे मनाला लागतं. अळीला चार पानं द्यावीत आणि कोषातून काय निघतं ते बघावं. नाव आपोआप कळतं.

हौशी माणसाच्या कामाचा दर्जा काय, हा प्रश्न इतिहासाने केव्हाच सोडवलाय. साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे मुंबई इलाख्यातल्या मीठ आणि जकात खात्याचे अधिकारी. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. डेव्हिडसन आणि वनखात्यातले बेल या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी उत्तर कानड्यातली फुलपाखरं, त्यांच्या अळ्या आणि त्या कोणती झाडं खातात यावर १८९० च्या दशकात जे लिहिलं, त्याचा आधार आजही घेतला जातो. तिघेही सरकारी नोकर, काम नोकरीच्या गावातलं आणि नोकरीतून उरलेल्या वेळातलं. अलीकडचं उदाहरण जर्मनीतलं. क्रेफेल्ड शहरातल्या हौशी कीटक-अभ्यासकांच्या मंडळाने संरक्षित क्षेत्रांतल्या ६३ ठिकाणी २७ वर्षांच्या काळात सापळे लावून उडणाऱ्या किड्यांचं वजन केलं. २०१७ मध्ये त्या आकड्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा वजन पाऊण हिश्शाहून अधिक घटलेलं निघालं. कीटक कमी होताहेत ही चर्चा जगभर पेटली ती त्यानंतर. आपल्याकडे दिव्याभोवती पूर्वी किती पाखरं जमायची, काजवे किती असायचे, असं वडीलधारी माणसं सांगतात. ते खरंही असेल. पण लिहून ठेवलेलं नसल्यामुळे ते ना सिद्ध होतं, ना खोडता येतं. पावसाळ्यात कुठल्याशा गावात हातभर मोठा दुर्मीळ पतंग आढळल्याची बातमी येते आणि बहुधा तो अॅटलास पतंग असतो. पंख जवळजवळ वीतभर रुंद, खाणारं तोंडच नाही, पंखातलं आयुष्य सुमारे आठवड्याचं. तो दुर्मीळ आहे की आपण बघत नाही, हे बातमीवरून ठरत नाही. त्यासाठी दर वर्षीच्या नोंदी लागतात.

या बघण्याला काही मर्यादा पाळाव्या लागतात. सड्यावर फुरसं असतं, जांभ्याच्या फटीत इंगळी असते. म्हणून हाताने दगड उलटू नयेत, गडग्याच्या भोकात बोट घालू नये, पायात बूट असावेत. दगड न उलटण्याचं आणखी एक कारण आहे. त्याखालचा ओलावा हे उन्हाळ्यात अनेक किड्यांचं घर असतं आणि एकदा उघडा पडलेला दगड पुन्हा तसाच बसत नाही. मारून टाचणी टोचायची गरज आता उरलेली नाही. मोबाइलमधला स्पष्ट फोटो, एक पाठीवरून आणि एक बाजूने, ओळख पटवायला बहुतेक वेळा पुरतो आणि आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर जाणकार नाव सुचवतात. उन्हाची तिरीप आली की फुलपाखरं पंख पसरून ऊब घेतात, तेव्हा सकाळी आठ-नऊची वेळ बरी. रात्री अंगणात पांढरं धोतर टांगून दिवा लावला की पतंग येतात. बघून झालं की दिवा बंद करावा, नाहीतर ते पहाटेपर्यंत तिथेच घुटमळतात आणि पक्ष्यांच्या तोंडी जातात.

विजयदुर्गला लांबून माणसं आकाश बघायला आलेली आहेत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी दुर्बिणी आणि यंत्रं बोटीतून आणून किल्ल्यावर तळ टाकला होता, आणि तो खग्रास काळ अवघ्या काही मिनिटांचा होता. सड्यावरच्या डबक्याचा काळ त्यापेक्षा मोठा असला तरी तोही मर्यादितच आहे, कारण आता प्रश्न पाणी आटण्यापुरता उरलेला नाही. कातळ चिरेखाणीसाठी कापला जातो, डबर टाकून सपाट होतो, नवीन कलमांसाठी सुरुंगाने फोडला जातो. यातलं काहीच करू नये असं माझं म्हणणं नाही. गावाला घरं बांधायला चिरा लागतो आणि कलमांवर घरं चालतात. पण कुठला कातळ फोडायचा आणि कुठला राखायचा हे ठरवताना पोटखराबा या एका शब्दापलीकडे काहीतरी कागदावर असायला हवं. २००२ च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी त्याची सोय करून ठेवली आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने गावातल्या लोकांच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी असं त्यात आहे. झाडं, मासे, औषधी वनस्पती यांच्याबद्दल सांगणारी माणसं गावात मिळतात. कीटकांबद्दल सांगायला तारखा लागतात. कोणत्या डबक्यात चतुराची पिल्लं कोणत्या आठवड्यात दिसली आणि कोणत्या गडग्यावर राखाडी चतुर बसतो, हे एखाद्या शाळकरी मुलीच्या वहीत तीन पावसाळे लिहिलेलं असेल तर ते ग्रामसभेत वाचून नोंदवहीत घेता येतं. गणपतीच्या सुट्टीत सड्यावरची डबकी भरलेली असतात आणि घरात चार हात जास्तीचे असतात. वही सुरू करायला वर्षातली तीच वेळ सोयीची.